समुद्रावरच्या आकाशातील संदेशांचा अग्रहक्क

मुंबईहून नैऋत्येस निघालेले विमान किनारा सोडून सुमारे अडीचशे सागरी मैल गेले की रडारच्या टप्प्याबाहेर पडते; पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याच्याशी साध्या रेडिओवर बोलणेही त्याच सुमारास खुंटते; आणि तेथून पुढे मालेच्या, सेशेल्सच्या अथवा मोगादिशूच्या नियंत्रकाच्या स्वाधीन होईपर्यंत ते नेमके कोठे आहे, किती उंचीवर आहे आणि पुढच्या-मागच्या विमानांपासून किती अंतर राखून आहे, याचे ज्ञान जमिनीवरील माणसाला मुख्यत्वे त्याच्याकडून येणाऱ्या संदेशांवरूनच होते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या अंमलाखालील हवाई क्षेत्र सुमारे २८ लाख चौरस सागरी मैलांचे असून त्याचा निम्म्याहून अधिक भाग अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागर यांवर पसरलेला आहे. युरोपातून कोलंबोकडे येणारे पर्यटक, आखातातून ऑस्ट्रेलियाकडे जाणारे उतारू आणि मुंबईहून नैरोबीस निघालेले व्यापारी यांपैकी बहुतेकांना आपण काही तास मुंबईच्या अथवा चेन्नईच्या एका खोलीत बसलेल्या नियंत्रकाच्या भरवशावर उडत असल्याची कल्पनाही नसते. हा भरवसा ज्या उपग्रहमार्गावर उभा आहे, त्या मार्गावर संदेशांची दाटी झाली तर कोणता संदेश आधी जावा आणि कोणता थांबावा, हा प्रश्न आपण आजवर तंत्रज्ञांचा खासगी मामला समजून त्यांच्यावर सोपविला आहे. माझ्या मते तो मूलतः राज्यकारभाराचा प्रश्न आहे. त्यात हक्क आहेत, कर्तव्ये आहेत आणि हिशेब देण्याची जबाबदारी आहे. म्हणून सामान्य वाचकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

उपग्रहांच्या पूर्वी हे सर्व काम लघुलहरी रेडिओवर चालत असे आणि राखीव सोय म्हणून आजही चालते. लघुलहरी वातावरणाच्या विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन हजारो मैल जातात खऱ्या, परंतु तो थर सूर्याच्या लहरीप्रमाणे दिवसारात्री बदलतो, विजांच्या कडकडाटात आवाज बुडून जातो, आणि वैमानिकाचे बोलणे प्रथम रेडिओचालकाने ऐकावे, टिपून घ्यावे व मग नियंत्रकाकडे पोचवावे, अशी रीत असल्यामुळे प्रश्न आणि उत्तर यांमध्ये कित्येक मिनिटे निघून जात. या अनिश्चिततेची किंमत आकाशातील जागेने चुकविली जाई: एकाच मार्गावर एकाच उंचीवर चाललेल्या दोन विमानांत दहा मिनिटांचे, म्हणजे सुमारे ८० सागरी मैलांचे अंतर राखावे लागे. १९८३ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भविष्यकालीन मार्गदर्शनव्यवस्थेचा विचार करण्यासाठी एक विशेष समिती नेमली, १९९१ च्या परिषदेत उपग्रहाधिष्ठित व्यवस्थेची कल्पना मान्य झाली, आणि १९९५ च्या सुमारास दक्षिण प्रशांत महासागरावर उडणाऱ्या बोइंग ७४७-४०० विमानांत ती प्रत्यक्ष अवतरली. तिचे दोन घटक आहेत. पहिल्यास सीपीडीएलसी म्हणतात. त्यात नियंत्रकाचा हुकूम आणि वैमानिकाचा रुकार ही दोन्ही लेखी स्वरूपात येतात-जातात. दुसऱ्यास एडीएस-सी असे नाव आहे. त्यात नियंत्रणकेंद्र विमानातील संगणकाशी एक करार करते आणि त्या करारानुसार तो संगणक ठरलेल्या मुदतीने, किंवा ठरलेली घटना घडताच, आपला ठावठिकाणा परस्पर कळवितो.

या सोयीमुळे विमानांमधील अंतर ५० सागरी मैलांवर आणि योग्य साधनसामग्री असल्यास ३० सागरी मैलांपर्यंत आणता आले. एकाच आकाशात अधिक विमाने मावू लागली, इंधन वाचले, सोयीच्या उंचीवर उडण्याची मुभा अधिक जणांना मिळाली. हा लाभ खरा आहे. परंतु अंतर कमी करण्याचा परवाना आपण संदेशाच्या वक्तशीरपणाच्या बदल्यात घेतलेला आहे, हे त्या आनंदात विसरले जाते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अशा समुद्री क्षेत्रात नियंत्रकाने हुकूम पाठविल्यापासून त्याचे उत्तर हाती येईपर्यंतचा व्यवहार शंभरपैकी ९५ वेळा २१० सेकंदांत आणि हजारांपैकी ९९९ वेळा २४० सेकंदांत पुरा झाला पाहिजे. ठावठिकाण्याचा अहवाल ९५ टक्के वेळा ९० सेकंदांत आणि ९९.९ टक्के वेळा १८० सेकंदांत पोचला पाहिजे. ताशी ४८० सागरी मैल वेगाने जाणारे विमान २४० सेकंदांत ३२ सागरी मैल कापते. ज्या दोन विमानांत ३० मैलांचेच अंतर आहे, त्यांच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ काय होतो, हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

आता दाटी कशी होते ते पाहू, कारण या विषयातील बहुतेक गैरसमज येथेच उगम पावतात. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर स्थिरावलेल्या उपग्रहांच्या द्वारे विमानांना सेवा देणारी पहिली व्यवस्था इन्मारसॅटची. ही संस्था १९७९ साली अनेक राष्ट्रांनी मिळून समुद्रावरील जहाजांच्या सुरक्षिततेसाठी स्थापन केली होती आणि १९९९ मध्ये तिचे रूपांतर खासगी कंपनीत झाले. विमानांसाठीच्या तिच्या मूळ व्यवस्थेतील वाहिन्यांचा वेग सेकंदाला ६०० बिटांपासून १०,५०० बिटांपर्यंत असतो. आजच्या भ्रमणध्वनीशी तुलना केली तर हा वेग नगण्य वाटेल. तथापि नियंत्रणाचे संदेश अगदी लहान असतात आणि ज्या जुन्या संदेशपद्धतीवर ते वाहिले जातात तिच्यात एका खंडात २२० अक्षरेच मावतात. तेव्हा साधारण दिवशी हा वेग पुरेसा ठरतो. अडचण वेगाहून निराळ्या ठिकाणी आहे.

जमिनीवरून विमानाकडे जाणाऱ्या संदेशांचा बंदोबस्त सोपा असतो, कारण पाठविणारे भूस्थानक एकच असते आणि ते आपल्या संदेशांची रांग लावू शकते. उलट दिशेचे तसे नाही. शेकडो मैलांच्या अंतराने विखुरलेल्या विमानांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही, कोणास केव्हा बोलावयाचे आहे हे आगाऊ ठाऊक नसते, आणि प्रत्येकास कायमची वेळ वाटून द्यावी तर बहुतेक वेळा वाया जातात. म्हणून लहान संदेशांसाठी, तसेच मोठ्या संदेशासाठी जागा मागण्याकरिता, एक सामाईक वाहिनी ठेवलेली असते आणि तिच्यावर ज्यास बोलावयाचे त्याने काळाचा पुढचा खण साधून बोलावे, असा नियम असतो. या पद्धतीचे मूळ हवाई बेटांवरील विद्यापीठात आहे. तेथे नॉर्मन अब्रॅम्सन यांनी १९७१ साली निरनिराळ्या बेटांवरील संगणक रेडिओने जोडण्यासाठी 'अलोहा' नावाची व्यवस्था उभारली, आणि पुढल्याच वर्षी लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी काळाचे समान खण पाडून तिची कार्यक्षमता दुप्पट कशी होते हे दाखविले. मात्र त्या दुपटीलाही गणिताने घातलेली मर्यादा आहे: एकूण खणांपैकी फार तर ३७ टक्के खणांतून संदेश सुखरूप जाऊ शकतात, उरलेले एक तर रिकामे जातात, नाही तर दोघे एकाच वेळी बोलल्यामुळे फुकट जातात. ग्रामसभेत अध्यक्षच नसावा आणि बोलणाऱ्यांनी एकमेकांचे न ऐकता डोळे मिटून बोलावे, तशी ही स्थिती होय. दहा माणसे असतील तर निभावते, शंभर झाली की कोणाचेच कोणास कळेनासे होते, आणि न कळलेला प्रत्येक जण पुन्हा बोलू लागल्यामुळे गलबला वाढतच जातो.

या पुनरुक्तीतच खरा धोका आहे. टक्कर होऊन फुकट गेलेला संदेश विमानातील यंत्र थोड्या वेळाने पुन्हा पाठविते. गर्दी असल्यामुळे तोही फुकट जाण्याचा संभव वाढलेला असतो. आणि एका मर्यादेपलीकडे प्रयत्न जितके अधिक तितके पोचलेले संदेश कमी, अशी विपरीत अवस्था येते. रस्त्यावर गाड्या वाढल्या तर प्रवास मंदावतो, तरी गाड्या पोचतात. येथे मात्र वाहिनी संपूर्ण भरलेली दिसत असतानाच तिच्यातून जवळजवळ काहीच वाहत नाही, असे घडू शकते. म्हणून दाटीचा इलाज दाटी झाल्यावर करता येत नाही. ती मर्यादा जवळ येण्यापूर्वीच वाहिन्यांची संख्या वाढविणे, पुनःप्रयत्नांमधील मुदत लांबविणे आणि अनावश्यक बोलणे मुळात होऊच न देणे, हेच तीन उपाय आहेत. त्यांपैकी पहिले दोन अभियंत्याच्या हातचे आणि तिसरा शासनाच्या.

अग्रक्रमाची व्यवस्था कायद्यात आहे, आणि ती मोठ्या विवेकाने रचलेली आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत विमानविषयक संदेशांचा क्रम घालून दिलेला आहे: संकटाची हाक पहिली, तातडीचा संदेश दुसरा, दिशाशोधनाचा तिसरा, उड्डाणसुरक्षेचा चौथा, हवामानाचा पाचवा, उड्डाणांच्या नियमिततेचा सहावा, आणि शासकीय तसेच इतर संदेश त्यानंतर. जगातील सरकारांनी एकत्र बसून स्वतःचे संदेश अपरिचित उतारूंच्या प्राणांनंतर ठेवले, ही गोष्ट मला फार आदरणीय वाटते. परंतु १९९७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत, १५४५ ते १५५५ आणि १६४६.५ ते १६५६.५ मेगाहर्ट्झ हे विमानांसाठी राखलेले दोन पट्टे सर्व प्रकारच्या फिरत्या उपग्रहसेवांना खुले झाले आणि विमानांच्या पहिल्या सहा प्रतींच्या संदेशांना त्यांत केवळ अग्रहक्क उरला. स्वतंत्र मालकी आणि अग्रहक्क यांत मोठे अंतर आहे. मालकाला आपली जागा मोकळी असल्याची खात्री असते. अग्रहक्कवाल्याला गरजेच्या क्षणी ती दुसऱ्याकडून मोकळी करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी ज्याच्या हाती किल्ल्या आहेत त्याने हुकमाची अंमलबजावणी तत्परतेने करावी लागते.

याहून सूक्ष्म अशी आणखी एक गोष्ट आहे. अग्रक्रम रांगेत चालतो. विमानातील यंत्राच्या पोटात चार संदेश थांबलेले असतील तर सुरक्षेचा संदेश आधी बाहेर पडेल. भूस्थानकाच्या रांगेतही तो पुढे सरकेल. परंतु सामाईक वाहिनीवर दोन विमाने एकाच खणात बोलली तर एकाचा संदेश जीवनमरणाचा आणि दुसऱ्याचा विमानकंपनीच्या कारकुनी कामाचा आहे, हे ती टक्कर पाहत नाही. दोन्ही सारखेच नष्ट होतात. तेव्हा कागदावर अग्रक्रम लिहून आपले कर्तव्य संपले असे कोणत्याही नियामकाने मानू नये.

हे भय काल्पनिक नसल्याचा दाखला युरोपने दिलेला आहे. तेथील मार्ग उपग्रहाचा नव्हता, जमिनीवरील अतिउच्च कंप्रतेच्या रेडिओचा होता. तरी रोग हाच होता. २००९ साली युरोपीय संघाने वरच्या आकाशात उडणाऱ्या विमानांना लेखी संदेशव्यवस्था बसविण्याची सक्ती करणारा नियम केला आणि जुन्या विमानांसाठी फेब्रुवारी २०१५ ही मुदत घातली. विमाने सज्ज होऊ लागली तसतसे चालू संवाद मध्येच तुटण्याचे प्रकार वाढू लागले. नियंत्रकाचा हुकूम निघाला, उत्तर आले नाही, आणि यंत्राने संबंध संपल्याचे जाहीर केले, असे वारंवार होऊ लागले. युरोपीय विमानसुरक्षा संस्थेने चौकशी करून एप्रिल २०१४ मध्ये जो अहवाल दिला त्यात कारण स्पष्ट झाले: सर्व भार १३६.९७५ मेगाहर्ट्झ या एकाच वाहिनीवर पडला होता. त्या एकाच वाहिनीवर नियंत्रकांचे हुकूम चालत होते आणि विमानकंपन्यांचे इंजिनांचे अहवाल व वेळापत्रके इत्यादी व्यापारी संदेशही चालत होते; शिवाय दोन भूस्थानके परस्परांना ऐकू शकत नसताना त्यांच्या मधोमध उंचावर असलेल्या विमानाला मात्र दोन्ही एकदम ऐकू येत, त्यामुळे टकरी वाढत. अखेर मुदत फेब्रुवारी २०२० पर्यंत पुढे ढकलावी लागली आणि अधिक वाहिन्या उघडाव्या लागल्या. या प्रकरणात मला जी गोष्ट विशेष बोलकी वाटते ती अशी की, प्रत्येक घटकाने आपापले काम चोख केले होते. विमानांतील यंत्रे प्रमाणित होती, भूस्थानके प्रमाणित होती, नियमही विचारपूर्वक केलेला होता. सर्वांचा मिळून भार किती होईल, हे पाहण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती, आणि व्यवस्था नेमकी तेथेच ढासळली.

आपल्या समुद्रावर हाच प्रश्न दोन बाजूंनी येतो. पहिली बाजू राजकारणाची. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले आणि ते १६ जुलैपर्यंत पूर्णपणे खुले झाले नाही. त्या साडेचार महिन्यांत युरोप आणि आग्नेय आशिया यांच्यामधील कित्येक विमाने दक्षिणेस वळून ओमान आणि अरबी समुद्रावरून जाऊ लागली. एप्रिल २०२५ मध्ये तेच आकाश भारतीय विमानकंपन्यांना पुन्हा बंद झाले आणि आपली पश्चिमेकडे जाणारी विमाने समुद्राकडे वळली. अशा बंदीचा हुकूम काही तासांच्या अवधीत निघतो, परंतु समुद्रावरील संदेशवाहिन्यांची क्षमता काही तासांत वाढत नाही.

दुसरी बाजू ऋतूची. मे अखेरीपासून अरबी समुद्रावर मेघांचे जे प्रचंड स्तंभ उभे राहतात, त्यांतून कोणताही समंजस वैमानिक विमान नेत नाही. तो मार्गापासून डावीउजवीकडे सरकण्याची परवानगी मागतो. ही एक विनंती म्हणजे एक संदेश नव्हे. विनंती, नियंत्रकाची पोच, हुकूम, वैमानिकाचा रुकार, मेघ ओलांडल्यावर मार्गावर परतल्याची वर्दी, आणि शिवाय विमान मार्गापासून ठरावीक अंतराबाहेर गेल्याबरोबर एडीएस-सीच्या करारानुसार संगणकाने आपोआप धाडलेला अहवाल, अशी ती मालिका असते. मेघांची रांग शंभर-दोनशे मैल लांब असली तर तिच्यापुढे आलेली सर्व विमाने ही मालिका अर्ध्या-पाऊण तासात एकदमच सुरू करतात. हवामान वाईट असते तेव्हाच संदेश वाढतात, संदेश वाढतात तेव्हाच उत्तर लांबते, आणि उत्तर लांबते तेव्हाच वैमानिक राखीव म्हणून लघुलहरी रेडिओकडे वळतो, ज्यावर विजांनी आधीच खरखर माजविलेली असते. या सर्व अडचणी एकमेकींच्या हातात हात घालून येतात. म्हणून वर्षाच्या सरासरीवरून या व्यवस्थेची परीक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. सरासरीने पाहता आपली व्यवस्था उत्तम दिसेल. प्रश्न जुलैतल्या एका रात्रीच्या एका तासाचा आहे.

येथे कोणी म्हणेल की मग प्रत्येक विमानाने मिनिटामिनिटाला आपला ठावठिकाणा कळवावा, म्हणजे निदान ते कोठे आहे याविषयी संशय उरणार नाही. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे एमएच-३७० विमान २३९ जणांसह नाहीसे झाले, तेव्हापासून ही मागणी जगभर होत आहे आणि तिच्यामागील दुःख खरे आहे. त्या विमानातील प्रवाशांच्या आप्तेष्टांना वर्षानुवर्षे जे सोसावे लागले ते पाहता अशा मागणीला केवळ हिशेबाने उत्तर देणे मला जड जाते. तरीही त्याच विमानाची कथा नीट वाचली तर निराळा धडा मिळतो. विमानाचे नेहमीचे संदेश बंद पडल्यावरही हिंदी महासागरावरील इन्मारसॅटच्या उपग्रहामार्फत त्याच्याशी सुमारे तासातासाने एक क्षणिक देवाणघेवाण होत राहिली. तासभर काही संदेश न आल्यास 'तू अजून येथे आहेस काय' एवढेच विचारण्याची आणि यंत्राने 'आहे' एवढेच उत्तर देण्याची ती हजेरी होती. व्यवस्थेने स्वतःच्या शिस्तीसाठी ठेवलेल्या त्या नोंदीतील वेळेच्या आणि कंप्रतेच्या सूक्ष्म फरकांवरून विमान दक्षिण हिंदी महासागराकडे गेले, हे शास्त्रज्ञांनी काढले. विमानाचे मुख्य अवशेष सापडले नाहीत हे खरे. परंतु जगाला जी दिशा मिळाली ती त्या तुटपुंज्या पण नियमित नोंदीमुळे मिळाली.

पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने समुद्रावरील विमानांचा ठावठिकाणा निदान पंधरा मिनिटांनी कळावा असा नियम केला, तो नोव्हेंबर २०१८ पासून लागू झाला. आणि मिनिटामिनिटाचे अहवाल संकटात सापडलेल्या विमानापुरते ठेवण्याचे ठरले. हा विवेक मला योग्य वाटतो. सुरळीत उडणाऱ्या शंभर विमानांनी मिनिटागणिक आपली खुशाली कळवीत राहावे आणि त्या गर्दीत एकाची संकटाची हाक टकरीत सापडावी, ही व्यवस्था भयातून जन्मलेली असली तरी भय वाढविणारी ठरेल. त्यातही एडीएस-सीचा एक विशेष आहे: एकच विमान एकाच वेळी चार-चार नियंत्रणकेंद्रांशी स्वतंत्र करार करू शकते. मुंबई आणि शेजारची दोन केंद्रे यांच्या सीमा जेथे एकमेकींस भिडतात तेथे तीनही केंद्रांनी आपापल्या सोयीने अहवालाची मुदत ठरविली, तर विमान तीच माहिती तिघांना तीनदा सांगत बसते. यात कोणाचा दोष नसतो. प्रत्येक केंद्र आपल्या परीने सावधच असते. हा भार कमी करण्यास एक पैचेही यंत्र लागत नाही. शेजाऱ्यांशी बोलून, सीमेच्या अलीकडे-पलीकडे किती अंतरापर्यंत कोणी करार चालू ठेवावा आणि किती मुदतीचा, एवढा लेखी ठराव करणे पुरे.

आणखी एक आक्षेप अधिक वजनदार आहे. पृथ्वीजवळच्या कक्षांत आता हजारो उपग्रह फिरू लागले आहेत. ७८० किलोमीटर उंचीवरील इरिडियमच्या ६६ उपग्रहांची नवी पिढी २०१९ च्या आरंभी पूर्ण झाली आणि त्यांवरील यंत्रे विमानांचे ठावठिकाण्याचे प्रसारण अवकाशातूनच टिपू लागली. तेव्हा दाटीची चिंता ही गेल्या पिढीची चिंता आहे, असे काही जण म्हणतात. नव्या साधनांचे मोल मी कमी मानीत नाही. अवकाशातून टिपलेला ठावठिकाणा मिळू लागल्यास तेवढ्यापुरते अहवाल कमी करता येतील, हा मोठाच लाभ आहे. परंतु ठावठिकाणा कळणे आणि हुकूम पोचणे या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीस संदेशवाहिनी लागतेच. शिवाय उतारूंना चित्रपट पाहता यावेत म्हणून विमानात बसविलेली रुंद वाहिनी नियंत्रणाच्या संदेशांसाठी प्रमाणित नसते; तिचा वेग कितीही असला तरी नियंत्रकाला तिच्यावर विसंबण्याची मुभा नाही. आणि विपुलता कधी एका कामापुरती राहत नाही. एप्रिल २०२३ मध्ये आशिया-प्रशांत भागावरील इन्मारसॅटचा एक उपग्रह बिघडला तेव्हा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर पेरणीच्या हंगामात दिशा हरवून बसले, कारण त्यांना अचूक स्थान पुरविणारे संकेत त्याच उपग्रहावरून येत असत. ज्या साधनाची रचना सागरी सुरक्षिततेच्या हेतूने सुरू झाली त्यावर किती उद्योगांचा संसार कालांतराने उभा राहतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. आता तर खिशातल्या दूरध्वनीलाच उपग्रहाशी जोडण्याची चढाओढ लागली आहे आणि तिला हवे असलेले कंप्रतापट्टे याच परिसरातले आहेत. २०२७ मध्ये जागतिक रेडिओ परिषद भरेल, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळाने विमानसुरक्षेच्या अग्रहक्कात कोणतीही रदबदल होऊ देऊ नये. या विषयावर दूरसंचार खात्याची तजवीज नागरी विमान वाहतूक खात्याशी विचारविनिमय करून झाली आहे काय, हे लोकसभेतील आपल्या प्रतिनिधींनी विचारले तर ते आपल्या कर्तव्यास शोभणारेच होईल.

संदेशाचा मार्ग उपग्रहापाशी संपत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. उपग्रहावरून तो भूस्थानकात, तेथून सिटा अथवा एरिंक यांसारख्या संस्थांच्या जाळ्यात आणि मग नियंत्रणकेंद्रात येतो. प्रत्येक टप्प्यावर एक रांग असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर जमिनीवरील संदेशांची स्वयंचलित वाटणी करणारी व्यवस्था बिघडली, उड्डाणांचे आराखडे हाताने हाताळावे लागले आणि शेकडो उड्डाणे रखडली. त्या दिवशी आकाशातील कोणत्याही उपग्रहाचा काही अपराध नव्हता. त्या वेळी ज्यांनी हाताने काम निभावून नेले त्यांच्या कौशल्याची बूज राखली पाहिजे, आणि त्याच न्यायाने समुद्रावरील लघुलहरी रेडिओ चालविणाऱ्या कर्मचाऱ्यांची पदे जुनाट समजून रिकामी ठेवण्याचा मोह टाळला पाहिजे. राखीव साधन वापरणारा हात रोजच्या सरावात नसेल, तर ते साधन असून नसल्यासारखे होते.

या सर्वांच्या मुळाशी मापनाचा आणि प्रकटीकरणाचा प्रश्न आहे. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांवरील विमानांतील अंतरे सुरक्षित आहेत की नाहीत, यावर देखरेख ठेवणारी 'बोबास्मा' ही संस्था भारतच चालवितो. तिचे अहवाल आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे जातात. संदेशांच्या २१० आणि २४० सेकंदांच्या कसोट्यांचे मापनही मानकाप्रमाणे व्हावेच लागते. म्हणजे आवश्यक ते ज्ञान शासनयंत्रणेत निर्माण होण्याची व्यवस्था आहे. पण ते तज्ज्ञांच्या बैठकांच्या कागदपत्रांत राहते. ज्यांच्या प्राणांचा हिशेब त्यात आहे त्या नागरिकांच्या नजरेस ते सुबोध रूपात पडत नाही. रेल्वेच्या अपघातांची आकडेवारी संसदेपुढे येते, धरणांतील पाण्याचा साठा वर्तमानपत्रांत छापून येतो, आणि समुद्रावरच्या आकाशातील हुकूम वेळेवर पोचले की नाहीत हे मात्र सामान्य माणसास कळण्याचा सोपा मार्ग नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या तीनही समुद्री क्षेत्रांतील संदेशांच्या वक्तशीरपणाचा तक्ता दर तिमाहीस मराठीसह देशी भाषांतून प्रसिद्ध करावा. त्यात किती संदेश मुदतीत पोचले, किती उशिरा पोचले, किती संवाद मध्येच तुटले आणि तुटल्यास कारण विमानात, उपग्रहात की जमिनीवर सापडले, हे नोंदलेले असावे. शेजारच्या केंद्रांशी अहवालांच्या मुदतीविषयी कोणते ठराव झाले तेही असावे. आणि तिमाहीच्या सरासरीशेजारी त्या तिमाहीतील सर्वांत वाईट तासाचा स्वतंत्र रकाना असावा.